संगणकाची स्मृती अपुरी दिसते तेव्हा

शाळेतील संगणक मंद चालू लागला म्हणजे त्याची स्मृती वाढवावी, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. ४ जीबी स्मृती असलेल्या यंत्रात आणखी ४ जीबीची पट्टी बसविली जाते. परंतु पडद्यावर वापरता येण्याजोगी स्मृती ८ जीबी न दिसता सव्वातीन जीबीच्या आसपासच दिसते. अशा वेळी पट्टी सदोष निघाली किंवा विक्रेत्याने फसविले, असा समज होणे स्वाभाविक आहे. पुष्कळदा तो समज चुकीचा असतो. त्यापायी दुसरी पट्टी विकत घेतली, तर तीही तोच आकडा दाखविते. शाळेचा पैसा सादिलातून किंवा ग्रामस्थांच्या वर्गणीतून उभा राहिलेला असतो. तो असा वाया जाऊ नये, यास्तव कारण शोधण्याचा क्रम शिक्षकांस ठाऊक असणे इष्ट आहे.

येथे स्मृती म्हणजे रॅम, हार्ड डिस्क नव्हे. हार्ड डिस्क ही शाळेच्या कपाटासारखी आहे; तीत ठेवलेले कागद वीज गेली तरी राहतात. रॅम ही फळ्यासारखी आहे. चालू काम तीवर मांडले जाते आणि वीज बंद होताच पुसले जाते. फळा लहान पडला की शिक्षकास वारंवार पुसून लिहावे लागते. रॅम कमी पडली की संगणकाचेही तसेच होते व तो मंदावतो.

दोन ठिकाणची मोजणी

पटावर चाळीस मुले आणि वर्गात तीसच, असे दिसल्यास उरलेली मुले घरीच राहिली की शाळेत येऊन मैदानावर थांबली, हे शिक्षक आधी पाहतो. कारण दोहोंवरचे उपाय निराळे आहेत. स्मृतीचेही असेच आहे. तिची मोजणी दोनदा होते.

पहिली मोजणी बायोस करतो. संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबत राहिल्यास बहुतेक यंत्रांत बायोसचा पडदा उघडतो. तेथे एकूण स्मृतीचा आकडा असतो. यंत्राला पट्ट्या प्रत्यक्ष सापडल्या की नाही, हे त्यावरून कळते. दुसरी मोजणी विंडोजची. ‘धिस पीसी’ (जुन्या यंत्रांत ‘माय कॉम्प्युटर’) या चित्रावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे बसविलेली स्मृती आणि वापरता येण्याजोगी स्मृती दिसते. हे आकडे कागदावर उतरून घ्यावेत. पुढील सर्व शोध त्यांवर अवलंबून आहे.

बायोसमध्ये आकडा पूर्ण, विंडोजमध्ये अपुरा

असे असल्यास पट्टी सामान्यतः निर्दोष समजावी. पट्ट्यांना हात लावण्याचे कारण नाही. त्याच ‘प्रॉपर्टीज’च्या पडद्यावर ‘सिस्टिम टाइप’ या ओळीत ३२ बिट की ६४ बिट, हे पाहावे.

स्मृतीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक, म्हणजे पत्ता, द्यावा लागतो. ३२ बिटांत २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते होतात. हेच ४ जीबी. हजेरीपटात चाळीसच ओळी असतील, तर एकेचाळिसाव्या मुलाचे नाव लिहावे कोठे? शिवाय या पत्त्यांपैकी काही चित्रदर्शक व इतर जोडयंत्रांसाठी राखून ठेवावे लागतात. म्हणून शाळांतून वापरल्या जाणाऱ्या ३२ बिट विंडोजला साधारणतः ३ ते ३.५ जीबीच स्मृती वापरता येते. मग पट्ट्या कितीही बसवा!

यावर उपाय ६४ बिट प्रणाली बसविणे हा होय. त्यापूर्वी प्रोसेसर ६४ बिटांचा आहे की नाही, हे पाहावे. जुन्या प्रणालीवरून थेट बढती मिळत नाही. प्रणाली नव्याने बसवावी लागते. तेव्हा विद्यार्थ्यांच्या नोंदी, निकालपत्रके व छायाचित्रे आधी अन्यत्र उतरून घ्यावीत. जुन्या छपाईयंत्राचे ६४ बिटांचे ड्रायव्हर मिळतात काय, याचीही खात्री करावी. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ नियमाप्रमाणे बसत नाही. अशा यंत्रांस उबुंटूसारखी विनामूल्य ६४ बिट प्रणाली विचारात घेण्याजोगी आहे.

प्रणाली ६४ बिटांची असूनही आकडा अपुरा असल्यास ‘एमएसकॉन्फिग’ उघडावे. ‘बूट’मधील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ येथे ‘मॅक्झिमम मेमरी’ या चौकटीत कोणी खूण केलेली असल्यास ती काढून संगणक पुन्हा सुरू करावा. काही बायोसमध्ये ‘मेमरी रिमॅप’ ही सोय असते. ती बंद असल्यास चालू करावी. आवृत्तीची मर्यादाही असते. उदाहरणार्थ, विंडोज ७ स्टार्टरला २ जीबीहून अधिक स्मृती वापरता येत नाही.

बायोसमध्येच आकडा अपुरा

येथे मात्र पट्टी, खाच किंवा मदरबोर्ड यांकडे वळावे. यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास ते उघडू नये. पुरवठादारास लेखी कळवावे. अन्यथा संगणक बंद करून वायर भिंतीवरील सॉकेटमधून काढावी, चालू करण्याची कळ काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि पेटीच्या धातूस स्पर्श करूनच आत हात घालावा. पट्टी कडेला धरून काढावी. तिचे सोनेरी दात कोरड्या मऊ कापडाने हळुवार पुसावेत. खाचेतील धूळ झटकून पट्टी सरळ बसवावी व दोन्ही टोके दाबावीत; खिट्टी आवाज करून लागली पाहिजे. अर्धवट बसलेली पट्टी हे या दोषाचे नेहमीचे कारण आहे.

तरीही फरक न पडल्यास एकेक पट्टी एकाच खाचेत लावून पाहावी व नंतर खाच बदलावी. जी पट्टी कोणत्याही खाचेत ओळखली जात नाही, ती सदोष. ज्या खाचेत कोणतीही पट्टी ओळखली जात नाही, ती खाच सदोष. पट्टी अन्य यंत्रात चालत असूनही येथे चालत नसेल, तर या मदरबोर्डला ती मानवते काय, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. कारण प्रत्येक मदरबोर्डला कमाल स्मृतीची मर्यादा असते. डीडीआर-३ व डीडीआर-४ या पट्ट्यांच्या मधल्या खाचा निरनिराळ्या जागी असतात. त्या परस्परांच्या जागी बसत नाहीत. बळ लावू नये.

थोडा फरक हा दोष नव्हे

८ जीबीपैकी ७.८ जीबी वापरता येण्याजोगी दिसल्यास चिंता नको. मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमध्येच चित्रदर्शक असलेली यंत्रे त्यासाठी काही स्मृती राखून ठेवतात.

तात्पर्य, नवी पट्टी मागविण्यापूर्वी दोन्ही मोजण्यांचे आकडे, प्रणालीचे बिट व मदरबोर्डची कमाल मर्यादा यांची नोंद डेडस्टॉक नोंदवहीजवळ ठेवावी. पुढे बदली होऊन येणाऱ्या शिक्षकास तीच उपयोगी पडेल. गैरहजर मुलाचे नाव कमी करण्यापूर्वी शिक्षक त्याच्या घरी जाऊन चौकशी करतो. पट्टी टाकून देण्यापूर्वीही तेवढीच चौकशी व्हावी.