वावरातली धावपट्टी: रिमोटच्या विमानांविषयीचे गैरसमज

रिमोटच्या विमानांचा क्लब ही पुण्या-मुंबईची गोष्ट, असं वऱ्हाडात सर्रास समजलं जातं. आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांचा एरोमॉडेलिंग क्लब आहे, हे खरं. पण मोठ्या शहरात उडवणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळते ती जागेची अडचण. विमानतळाजवळचं आकाश बंद आणि उरलेल्या जागेत इमारती. वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरचं नेमकं उलट आहे. एका अंगाला अकोल्याचं शिवणी विमानतळ, दुसऱ्या अंगाला अमरावतीचं बेलोरा, दोन्ही पुष्कळ लांब, आणि मध्ये सपाट काळी जमीन. इथल्या खारपाणपट्ट्यात ओलिताची सोय कमी, त्यामुळे सोयाबीन निघालं की कितीतरी वावरं रिकामी पडतात. इथे गाडी अडते ती माहितीवर. ऐकीव गोष्टींवर उभा राहिलेला क्लब पहिल्या अपघातात मोडतो, आणि तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पहिला समज: हे लेकरांचं खेळणं आहे. दीड किलोचं विमान ताशी ६० किलोमीटरनं येतं तेव्हा त्यात सुमारे २०० ज्यूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटरनं टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत ती साधारण १२० ज्यूल भरते. मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या दहा इंची पंख्याच्या टोकाचा वेग ताशी ४०० किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणून बॅटरी जोडलेली असताना पंख्यासमोर हात न्यायचाच नाही. खेळणं म्हणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेतल्या मेनार्ड हिल यांच्या चमूचं बाल्सा लाकडाचं पाच किलोच्या आतलं विमान ऑगस्ट २००३ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून निघालं आणि जवळपास ३९ तासांनी अटलांटिक ओलांडून आयर्लंडमध्ये उतरलं. तेव्हा हिल सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

कायद्याबद्दलचा घोळ सगळ्यात मोठा आहे. ‘आमच्या विमानाला कॅमेरा नाही, मग ड्रोनचे नियम कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. २५ ऑगस्ट २०२१ ला लागू झालेल्या ड्रोन नियमांत कॅमेऱ्यावरून काही ठरत नाही. आत वैमानिक नसलेलं आणि दुरून चालवलं जाणारं प्रत्येक यान त्यात येतं, पंखवालं विमानसुद्धा. याच्या दुसऱ्या टोकाला ‘दिल्लीहून परवानगी आल्याशिवाय काहीच उडवता येत नाही’ असं सांगणारेही भेटतात. तेही चूक. २५ किलोपर्यंतचं, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल विमान या नियमांत वेगळं ओळखलं आहे, आणि त्याला प्रकार प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतचं यान बिगरव्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्रही लागत नाही. दोन किलोच्या वर गेलं की ही सूट संपते. म्हणून गावच्या क्लबानं सुरुवातीला दोन किलोच्या आतच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ओळख क्रमांकाची नोंदणी आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा या जबाबदाऱ्या मात्र सुटत नाहीत. २५० ग्रॅमपर्यंतच्या यानाला तेवढी विम्यातून सवलत आहे.

आकाशाचे तीन रंग आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागणारं पिवळं क्षेत्र सुरू होतं. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. मूर्तिजापूर दोन्ही विमानतळांपासून बारा किलोमीटरच्या खूप पलीकडे आहे. तरी बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानं सुटू लागली आहेत, तेव्हा नकाशा जुना धरून चालू नये. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावर तो दर वेळी तपासावा. शिवाय पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखाद्या भागाला ९६ तासांपर्यंत तात्पुरतं लाल क्षेत्र ठरवू शकतो. मोठी सभा, मंत्र्यांचा दौरा, यात्रा असेल तर हे होऊ शकतं. ठाण्यात क्लबाची माहिती, जागा आणि उडवायचा वार आधीच लेखी देऊन ठेवला की अशा वेळी ओळख कामी येते.

याला जोडूनच एक समज आहे: संस्था नोंदवली की उडवायचा हक्क मिळाला. किमान सात जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करता येते. त्यातून बँकेत खातं उघडतं, हिशेब लागतो, शेतकऱ्याशी करार संस्थेच्या नावानं होतो. आकाशाशी त्या कागदाचा काही संबंध नाही.

आता मैदान. ‘शाळेचं पटांगण पुरे’ असं म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करावा. ताशी ६० किलोमीटरनं विमान दहा सेकंदांत १६५ मीटरच्या वर जातं. वळायला आणि चुकायला जागा हवी, म्हणजे सगळ्या बाजूंनी मिळून अर्धा किलोमीटर रान मोकळं पाहिजे. मूर्तिजापूरला मुंबई-हावडा रेल्वेमार्ग आहे, त्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे, आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. या दोन्हींपासून आणि विजेच्या मोठ्या लाइनींपासून लांब, कच्च्या रस्त्यानं पोचता येईल असं वावर शोधायचं. ज्याचं वावर, त्या दादांशी एका हंगामाचा लेखी करार करायचा आणि पेरणीच्या आधी ते रिकामं करून द्यायचं. पऱ्हाटीचं वावर मोकळं व्हायला उशीर लागतो, तुरीची थोटं चाकात अडकतात. सोयाबीनचं वावर वखरून पाटा फिरवला की बरं काम भागतं. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगांत लहान चाकं मोडतात. त्यावर साधा उपाय म्हणजे बिनचाकाचं, हातानं सोडायचं आणि पोटावर उतरणारं फोमचं विमान.

मैदानावर सगळ्यात महत्त्वाची आहे ती एक रेषा. सगळे चालक त्या रेषेवर एका ओळीत उभे राहतात, विमान कायम त्यांच्या पुढे उडतं, आणि गाड्या, लेकरं, बघे, चहाचा थर्मास हे सगळं मागे. ओळीच्या मागच्या बाजूला विमान न्यायचं नाही, मग चालवणारा कितीही कसलेला असो. शिकाऊ चालकाशेजारी एक जण फक्त आकाश बघायला उभा राहतो. घार आली, वावरात कोणी शिरलं, दुसरं विमान उतरतंय, हे तो ओरडून सांगतो. ही रेषा पाळणारा क्लब टिकतो. वर्गणी आणि महागडी यंत्रं तिच्यानंतर येतात.

उडवण्याबद्दलचा सगळ्यात हट्टी समज वाऱ्याचा आहे: ‘वारा पाठीमागून आला की विमान पडतं.’ विमानाला फक्त भोवतालच्या हवेतला स्वतःचा वेग कळतो. समजा तो ताशी ४० आहे आणि वारा १५ चा आहे. वाऱ्याविरुद्ध विमान जमिनीवरून २५ नं सरकताना दिसतं, वाऱ्यासोबत ५५ नं. खाली उभ्या माणसाला ५५ फार वाटतात. तो मोटर कमी करतो, वर खेचतो, आणि हवेतला वेग संपून पंख उचल सोडतात. चूक डोळ्यांच्या अंदाजाची असते, नाव वाऱ्याचं होतं.

मोटर बंद पडली की विमान दगडासारखं कोसळतं, हेही खरं नाही. वरच्या पंखाचं साधं ट्रेनर विमान ६० मीटरवरून सहज तीनशे मीटर तरंगत येतं. घाबरून वर खेचलं तरच ते कोसळतं. वैशाखात मात्र अंदाज बदलावा लागतो. ४४ अंशांची हवा पौषातल्या १२ अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्के विरळ असते, म्हणून तेच विमान जास्त धावून उठतं आणि जास्त वेगानं उतरतं. इथला शिकायचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊच्या आत.

मोबाइल टॉवरमुळे रिमोट बंद पडतो, ही भीती जुन्या स्फटिकवाल्या सेटांच्या काळातली आहे. तेव्हा दोघांची वारंवारता एक झाली की विमान जायचं. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच सतत वाहिनी बदलत राहतात. संपर्क तुटतो तो बहुधा ढिल्या जोडणीनं किंवा उतरलेल्या बॅटरीनं. संपर्क तुटताच मोटर आपोआप थांबेल अशी सोय संचात करून ठेवणं आणि रोज पहिल्या उड्डाणाआधी कमी शक्तीवर पल्ला तपासणं, एवढं प्रत्येक सदस्यानं करावं.

लिथियम पॉलिमर बॅटरीबद्दल लोक फार बेफिकीर असतात. ती पूर्ण भरली की एका पेशीला ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास. फुगलेली बॅटरी पुन्हा भरायची नाही. मे महिन्यात बंद गाडीत ठेवायची नाही. चार्ज होत असताना माणूस जवळ हवा, आणि वाळूची बादली त्याच्या हाताशी.

शेवटचा समज घराघरांत ऐकू येतो. शेतात फवारणीचे ड्रोन दिसू लागल्यापासून आईवडील विचारतात, ‘क्लबात शिकला की पोराला ड्रोन पायलटचं सर्टिफिकेट मिळेल ना?’ मिळणार नाही. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं मान्य केलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण लागतं. क्लबात पोरगा वेगळं शिकतो. सनबोर्ड आणि ब्लेडनं पंख कापणं, गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून किती मागे ठेवायचा हे मोजणं, विमान अंगावर येताना डावं-उजवं उलटं होतं तेव्हा झुकलेल्या पंखाकडे रिमोटची काठी ढकलणं. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग प्रशिक्षणाचाच भाग असतं आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एसएई इंडियाची एरोडिझाइन स्पर्धा असते. दोन्हीकडे त्याला याच कामापासून सुरुवात करायची असते.