बटन व मेन्यू, संगणकीय
बटन व मेन्यू, संगणकीय : संगणकाच्या पडद्यावरील ज्या खुणेवर टिचकी मारल्यास ठराविक क्रिया घडते तिला बटन, व अशा क्रियांच्या निवडीसाठी मांडलेल्या यादीला मेन्यू म्हणतात. वेब ॲप्लिकेशनमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून वापरावयाच्या आज्ञावलीमध्ये, गरजेनुरूप नवी बटने जोडता येतात, उदा., ग्रंथालयाच्या नोंदींत ‘मुदत वाढवा’ हे बटन.

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. झेरॉक्सचा प्रायोगिक ‘ऑल्टो’ (१९७३) व व्यापारी ‘स्टार’ (१९८१) या संगणकांत चित्ररूप पडद्याचा विकास झाला. ॲपलच्या ‘मॅकिंटॉश’मुळे (१९८४) तो लोकप्रिय झाला. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट भाषा तयार केली. तीमुळे वेब पानावरील बटनास इच्छित क्रिया जोडणे सुलभ झाले.

रचना : बटनाचे स्थान व नाव एचटीएमएल भाषेत लिहितात. टिचकी ही एक ‘घटना’ मानली जाते. ती घडताच चालवावयाचा आज्ञासंच जावास्क्रिप्टमध्ये लिहून बटनाशी जोडतात. हा आज्ञासंच सर्व्हरकडे विनंती पाठवितो, सर्व्हर नोंदीत बदल करतो व त्याचे उत्तर पडद्यावर दर्शविले जाते. माहिती केवळ वाचावयाची असल्यास ‘गेट’ आणि बदलावयाची असल्यास सामान्यतः ‘पोस्ट’ प्रकारची विनंती योजतात. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण शोधयंत्रे व काही साधने पानावरील दुवे आपण होऊन उघडतात. ‘नोंद पुसा’ ही क्रिया साध्या दुव्यावर ठेवल्यास कोणीही टिचकी न मारता नोंदी नष्ट होऊ शकतात.

दक्षता : बटन लपविल्याने अधिकार संपत नाही. तीच विनंती बटनाविनाही पाठविता येत असल्याने अधिकाराची तपासणी सर्व्हरवरच करावी लागते. अपरिवर्तनीय क्रियेपूर्वी संमती विचारतात. क्रिया मागे घेण्याची सोय असणे अधिक चांगले. केवळ रंगीत चौकटीस टिचकी जोडल्यास ती डोळ्यांना बटन भासते. तथापि कळफलकाने ती चालत नाही व पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनास ती बटन म्हणून ओळखता येत नाही. त्यामुळे अंध व्यक्तीस ती क्रिया बंदच राहते. म्हणून एचटीएमएलमधील मूळ बटन वापरणे श्रेयस्कर ठरते. मेन्यूसारख्या घटकांची भूमिका अशा साधनांना कळावी, यासाठी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१४ मध्ये ‘एरिया’ ही मानके प्रसिद्ध केली.