बटणावरचा मुकुट

लंडनच्या ग्रिनिच भागातल्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात एक निळा लोकरी कोट आहे. त्याच्या डाव्या खांद्यावर, एपॉलेटला म्हणजे खांद्यावरच्या जरीच्या पट्टीला लागून, एक भोक आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत फ्रेंच जहाजावरून सुटलेली गोळी तिथून अॅडमिरल नेल्सनच्या शरीरात शिरली. नेल्सनच्या जहाजावरचे शल्यवैद्य विल्यम बीटी यांनी ती पुढे बाहेर काढली, तेव्हा एपॉलेटची सोनेरी जर तिला चिकटलेली होती. कोटाच्या उजव्या बाहीच्या टोकाला बारीक काळा फासा शिवलेला आहे. १७९७ मध्ये उजवा हात गमावल्यापासून नेल्सन ती रिकामी बाही या फाशाने छातीवरच्या बटणाला अडकवत असे.

हा कोट त्याच्या प्रियेकडे, एमा हॅमिल्टनकडे गेला, तिच्याकडून कर्जाच्या व्यवहारात जोशुआ स्मिथ या लंडनच्या नगरपित्याकडे, आणि १८४५ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तो १५० पौंडांना घेऊन ग्रिनिचला दिला. मधल्या चाळीस वर्षांत कुणी भोक रफू केले नाही, डागही धुऊन काढले नाहीत. जुने नौदली गणवेश जमवणाऱ्या प्रत्येकाने हा कोट आधी पाहावा असे मला वाटते. गणवेश हा दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवज धुवायचा नसतो.

ब्रिटिश नौदलात १७४८ पर्यंत अधिकाऱ्यांना ठरलेला गणवेशच नव्हता. त्या वर्षी लॉर्ड अॅन्सनच्या काळात निळ्यावर पांढरा असा पहिला नियम झाला. पुढची दोनशे वर्षे नियम सतत बदलत राहिले, आणि संग्राहकाचे फावते ते या बदलांमुळेच. १७९५ मध्ये एपॉलेट आली. तीन वर्षे पुरी केलेल्या कॅप्टनला दोन्ही खांद्यांवर, नव्या कॅप्टनला फक्त उजव्या, कमांडरला फक्त डाव्या. लेफ्टनंटला ती मिळायला १८१२ साल उजाडले, आणि त्याच वर्षी बटणावरच्या नांगराच्या डोक्यावर मुकुट बसला. राजा चौथा विल्यम १८३० मध्ये गादीवर आला आणि त्याने पांढऱ्याच्या जागी लाल रंग आणला. १८४३ मध्ये पांढरा परतला. म्हणजे लाल गळपट्टी आणि लाल कफांचा कोट हाती आला, की तेरा वर्षांच्या कप्प्यात तो आपोआप जाऊन बसतो.

बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या १८५६ च्या. सर्वांत वरच्या पट्टीला वेढा असे, पण तो जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांपुरता. इंजिनिअर, डॉक्टर, खजिनदार यांना वेढा नाही. त्यांच्या पट्ट्यांमध्ये १८६३ पासून रंगीत कापड आले : जांभळे, लाल, पांढरे. ज्याच्या यंत्रावर जहाज चालत होते त्या इंजिनिअरला तो वेढा १९१५ मध्ये मिळाला. जांभळ्या कापडाचा, वेढा नसलेला कोट हाती घेतला की एका पेशाने सोसलेला दुजाभाव बोटांना लागतो.

बनावट किंवा जोडजमाव केलेला कोट ओळखण्याची खूण मात्र बटणावर सापडते. व्हिक्टोरियाच्या काळचा मुकुट वेगळा, १९०१ नंतरच्या राजांचा वेगळा, आणि दुसऱ्या एलिझाबेथचा १९५२ नंतरचा त्याहून वेगळा. फुल ड्रेसचा, म्हणजे समारंभी गणवेशाचा, वापर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच थांबला आणि पूर्वीसारखा परत आलाच नाही. तेव्हा शेपटीच्या फुल ड्रेस कोटावर एलिझाबेथच्या मुकुटाची बटणे दिसली, तर ती नंतर लावलेली समजावीत.

एक गोष्ट मात्र विसरू नये. हे कोट टिकले ते कमी वापरले गेले म्हणून. दरबार, राज्याभिषेक, लग्न, एवढ्यापुरते ते पेटीबाहेर येत. खलाशांना तर १८५७ पर्यंत अधिकृत गणवेशच नव्हता, आणि त्यांचे कपडे अंगावरच विरले. जुन्या नौदलाचे जे चित्र आपल्यापुढे येते ते त्यामुळे वरच्या वर्गाचेच असते.

या कोटांच्या जोडीला काळ्या रोगणाची पत्र्याची पेटी असते. तिच्यात टोपी, एपॉलेट, तलवारीचा पट्टा, आणि झाकणावर मालकाच्या नावाची पितळी पट्टी. व्यापारी एपॉलेट काढून काचेच्या चौकटीत विकतात, पेटी तिसऱ्यालाच देतात. यासारखे नुकसान दुसरे नाही. त्या पितळी पट्टीवरच्या आणि कोटाच्या आतल्या खिशातल्या शिंप्याच्या चिठ्ठीवरच्या नावावरून लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या माणसाची नोकरी शोधता येते. संच फुटला की कोट अनाथ होतो.

मुंबईच्या दमट हवेत हे गणवेश सांभाळणे कठीण. एपॉलेटची आणि पट्ट्यांची सोनेरी जर म्हणजे बहुतेक वेळा सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते, आणि चिंच-लिंबू किंवा भांड्यांच्या पावडरीने घासले की मुलामाच निघून जातो. पैठणी कशी जपायची ते आपल्या घरांतल्या बायकांना ठाऊक असते : धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळायची, घड्या अधूनमधून बदलायच्या, डांबरगोळी जरीला टेकू द्यायची नाही. नौदली कोटालाही हेच लागते. शिवाय लोकर असल्याने कसर लागते, म्हणून दर पावसाळ्यानंतर काखा आणि गळपट्टीची आतली बाजू तपासावी.

मुंबईचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे 'बॉम्बे मरीन' याच बंदरातले. तेच नावे बदलत १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही झाले. प्रजासत्ताक झाल्यावर १९५० मध्ये मुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले. डिसेंबर २०२३ मध्ये अॅडमिरलांच्या एपॉलेटवर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. म्हणजे मुकुटाची बटणे असलेला भारतीय अधिकाऱ्याचा कोट ही आता पुन्हा न होणारी वस्तू आहे.

तुमच्या आजोबांची किंवा पणजोबांची अशी पेटी माळ्यावर असेल, तर कोट धुऊ नका, बटणे बदलू नका, एपॉलेट वेगळी करू नका. त्यांचे नाव, जहाज आणि नोकरीची वर्षे साध्या कागदावर पेन्सिलीने लिहून तो कागद पेटीतच ठेवा, आणि ज्यांना ती वर्षे आठवतात त्यांना या दिवाळीतच विचारा.