मोह गोड, द्राक्ष आंबटगोड. मग विष येते कोठून?

मार्च लागला की आटगाव, खर्डीपासून मुरबाडपर्यंतच्या रानात मोह फुलतो. फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. ऊन चढण्याआधी बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. वेचलेली फुले अंगणात वाळत पडतात. ती भाजून, उकडून खाल्लीही जातात. पण शहरातल्या माणसाला मोह म्हटले की आठवते ती दारूच.

त्याच सुमारास कसारा घाटापलीकडे नाशिकच्या बागांत वाईनच्या द्राक्षांची तोडणी संपत आलेली असते. एका बाजूला ‘गावठी’, दुसऱ्या बाजूला ‘वाईन’. प्रतिष्ठेत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी दोन्हीकडे राबणारा कामगार एकच आहे : यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी. ती साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. पिंपात येणारा फेस हा त्या वायूचाच.

आंबटपणाची राखण

मग फरक कुठे पडतो? साखरेत नव्हे, आम्लात. वाईनसाठी तोडलेल्या द्राक्षाच्या रसात साधारण २२ ते २४ टक्के साखर असते आणि तिच्यापासून १२ ते १४ टक्के अल्कोहोल तयार होते. पण रसात टार्टारिक आणि मॅलिक ही आम्लेही भरपूर असतात. त्यांच्यामुळे रसाचा सामू (पीएच) ३ ते ४ च्या दरम्यान राहतो आणि नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना त्यात तग धरता येत नाही. लाल वाईन सालींसकट आंबवतात. सालीतून रंग येतो आणि साल-बियांतून तुरट टॅनिन उतरते. तेही वाईन टिकायला मदत करते.

उष्णतेत द्राक्षातले मॅलिक आम्ल लवकर खर्ची पडते. म्हणूनच नाशिकचा शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी करून पीक हिवाळ्यात आणतो. थंड रात्री आम्ल राखतात.

मोहाच्या वाळलेल्या फुलात वजनाच्या जवळपास निम्मी साखर असते, पण आम्ल तुलनेने थोडे. त्यामुळे भिजवून आंबवलेला मोह फार टिकत नाही. अल्कोहोलचे व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. तो उकळून, वाफ थंड करून दारू गाळण्याची रीत पडली, त्यामागचे हे एक कारण.

‘पहिल्या धारे’चा गैरसमज

विषारी दारूची बातमी आली की दोष फुलावर किंवा भट्टीवर जातो. खरा गुन्हेगार बहुधा मिथेनॉल असतो. फळांच्या सालीतील पेक्टिनपासून आंबताना थोडे मिथेनॉल तयार होतेच. लाल वाईनमध्ये ते पांढरीपेक्षा जास्त असते. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाईन संघटनेने लाल वाईनसाठी त्याची कमाल मर्यादा लिटरला ४०० मिलिग्रॅम ठेवली आहे. सुमारे ३० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल जिवावर बेतू शकते. तेवढे पोटात जायला या मर्यादेची वाईन साठ लिटरच्या आसपास प्यावी लागेल.

सामूहिक बळी जातात ते कारखान्यांत वापरले जाणारे मिथेनॉल स्वस्त पडते म्हणून दारूत मिसळल्याने. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत अशाच दारूने शंभरहून अधिक जीव घेतले. पहिली धार टाकून दिली की विष गेले, हा समज इथे कामाचा नाही. पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणातून मिथेनॉल सुरुवातीलाच वेगळे होत नाही, ते पुढेही येत राहते. शिवाय अनेकदा ते गाळल्यानंतर मिसळलेले असते. काडी लावून निळी ज्योत पाहणेही व्यर्थ, कारण मिथेनॉलही तसेच जळते. वासाने किंवा चवीने ते ओळखता येत नाही.

थांबू नका

मिथेनॉल स्वतः फारसे घातक नसते. यकृत त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते. हे आम्ल रक्त आम्लधर्मी करते आणि डोळ्यांच्या नसा जाळते. याला अनेकदा १२ ते २४ तास लागतात, म्हणून माणूस आधी ठीकठाक वाटतो. नंतर डोकेदुखी, उलट्या, पोटदुखी, धाप आणि डोळ्यांपुढे धुके येऊ लागते. दारू उतरेल म्हणून झोपवून ठेवणे किंवा उतारा म्हणून आणखी पाजणे जीवघेणे ठरते. रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. यकृतातील ही प्रक्रिया रोखणारे औषध आणि डायलिसिस वेळेत मिळाले, तर जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात. सोबत प्यायलेल्यांना त्रास नसला तरी त्यांचीही तपासणी हवी.

याचा अर्थ बिनभेसळ दारू सुरक्षित असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले आहे. त्यात लाल वाईनही आली, मग तिच्या सालीतील घटकांचे कितीही कौतुक होवो.

मोहफुलावर मात्र दारूचा शिक्का इतका घट्ट बसला, की १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच निर्बंध आले. फुले गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये सैल केले. आटगावच्या रानात पहाटे वेचले जाते ते गोड, खाण्याजोगे फूल. विष त्यात नसते. ते नंतर कुणीतरी ओतलेले असते.