दोनशे लाटण्यांचा भाव

व्यापाऱ्याला वस्तूचा भाव ठाऊक असतो. ती घडवताना हाताला काय शिकावे लागते, हे ठाऊक असतेच असे नाही. पेठेतील एका भांड्यांच्या दुकानाच्या मालकांना हे अंतर वयाच्या पन्नाशीत, एका दुपारी उमगले.

दिवाळीच्या हंगामासाठी दोनशे लाटण्यांची मागणी घेऊन ते आपल्या जुन्या कातारी मिस्त्रींकडे गेले होते. नगामागे पाच रुपये कमी करावेत, एवढाच आग्रह होता. वयाने वडील असलेले मिस्त्री हसून म्हणाले, "शेठ, लेथ तर विजेवर फिरतो, मग मेहनत ती कसली, असेच ना? एक लाटणे तुम्हीच कातून पाहा. जमले तर पाच काय, दहा रुपये कमी करतो."

शेठजी तयार झाले. मिस्त्रींनी प्रथम त्यांचे घड्याळ, अंगठी आणि गळ्यातील साखळी उतरवून ठेवायला लावली, बाह्या कोपरापर्यंत दुमडून घेतल्या आणि डोळ्यांवर चष्मा चढवला. हातमोजे मागताच मात्र नकार मिळाला. फिरत्या लाकडाने कापडाचा धागा जरी पकडला, तरी हात सोडवून घ्यायला अवधी उरत नाही.

आंब्याचा वाळलेला, सुमारे 5 सेंटिमीटर जाडीचा चौरस तुकडा निवडला गेला. दोन्ही टोकांवर कर्ण आखून त्यांच्या छेदाचा बिंदू हाच मध्य धरला. मध्य चुकला तर लाकूड थरथरत फिरते. लेथच्या दोन टोकांमध्ये तुकडा घट्ट बसवून, हत्यार टेकवण्याची आडवी पट्टी त्याच्या अगदी जवळ आणली. कोपरे पट्टीवर आपटत नाहीत ना, हे पाहण्यासाठी लाकूड आधी हातानेच फिरवले. मग कमी वेगावर लेथ सुरू झाला.

गोल पटाशी लाकडाला लागताच टकटक असा कर्कश आवाज उमटला आणि शेठजींनी मुठी आवळल्या. फिरणारा प्रत्येक कोपरा हत्याराला धक्का देत होता. खाली नुसता भुसा पडत होता. "दाबू नका, टेकवा," मिस्त्री म्हणाले. "धारेमागचा उतार आधी लाकडावर टेकू द्या. मग मूठ हळूहळू वर उचला. धार आपोआप लागेल." तसे करताच भुशाऐवजी कुरळी सालपटे उडू लागली. कोपरे झिजले, टकटक थांबली आणि तिच्या जागी एकसुरी घरघर ऐकू येऊ लागली. चौकोनाचा गोल झाला होता. शेठजींच्या चेहऱ्यावर दहा रुपयांचे हसू उमटले.

ते फार टिकले नाही. लाटणे मध्ये फुगीर आणि टोकांकडे निमुळते हवे. टोकाला आकार देताना शेठजींनी पटाशी बारीक भागाकडून जाड भागाकडे सरकवली. क्षणात धार लाकडात रुतली, मोठा आवाज झाला, पटाशी हातात उसळली आणि लाकडावर बोटभर खोल खाच पडली. मिस्त्रींनी लेथ बंद केला. ते हसले नाहीत. "चढावर कातायचे नाही, शेठ. जाडीकडून बारकाव्याकडे, उतारानेच यायचे. मग प्रत्येक धाग्याला खालच्या धाग्याचा आधार मिळतो. उलट गेलात, की धागे उचकटतात."

दुसरा तुकडा लावला. या वेळी शेठजींनी घाई केली नाही. दीड तासाने लाटण्यासारखे काहीतरी तयार झाले. पट्टी बाजूला काढून, फिरत्या लाकडाला खालच्या बाजूने काचकागद लावला. चन्नपट्टणच्या खेळण्यांवर फिरवतात तशी रंगीत लाखेची कांडी लाटण्याला लावायची नव्हती. पिठाशी त्याचा रोजचा संबंध. खोबरेल तेलाचा हात तेवढा फिरवला. कॅलिपर लावून पाहिले, तर डावे टोक उजव्यापेक्षा 3 मिलिमीटर जाड भरले.

मिस्त्रींनी शेजारीच तिसरा तुकडा चढवला आणि गप्पा मारता मारता, एकदाही कॅलिपर न लावता, नवे लाटणे उतरवले. शेठजींनी ते मापले. फरक सापडला नाही.

"हे शिकायला किती दिवस लागले?"

"वडिलांनी पहिले वर्षभर नुसते चौकोनाचे गोल करायला लावले," मिस्त्री म्हणाले.

भावाचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी शेठजी आपले लाटणे घेऊन घरी परतले आणि काही न बोलता ते स्वयंपाकघरात ठेवले. पहिलीच पोळी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ झाली; दुसरी पोळपाटावरून तिरकी सरकली.

"अहो, हे कुणी गळ्यात मारले तुमच्या?" पत्नीने विचारले. "आपल्या दुकानातले तर नक्कीच नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच शेठजींनी मिस्त्रींना फोन केला. दोनशे नग, ठरलेल्याच भावाने. आणि निम्मी रक्कम आगाऊ, म्हणजे चांगले वाळलेले लाकूड निवडून घेता येईल. पलीकडून क्षणभर काही उत्तर आले नाही. मग प्रश्न आला, "शेठ, पोळी गोल झाली का?"

ते लाटणे आता दुकानात गल्ल्याशेजारी असते. घासाघीस करता करता एखादे गिऱ्हाईक ते सहज उचलते आणि किंमत विचारते. शेठजी ते हळूच काढून घेतात, जागेवर ठेवतात आणि मिस्त्रींच्या हातचे दुसरे पुढे करतात.