५५ विजय, ६० पराभव

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला सव्वाशे वर्षांत मुख्य प्रशिक्षक लाभले ते अवघे आठ. त्यांपैकी सात जणांच्या खाती पराभवांपेक्षा विजय जास्त आहेत. उरलेल्या एकाच्या नावापुढे ५५ विजय आणि ६० पराभव अशी नोंद आहे, आणि तो एक म्हणजे या मालिकेतला पहिलाच प्रशिक्षक, डॉ. जेम्स नाइस्मिथ. बास्केटबॉल हा खेळ ज्यांनी शोधून काढला, तेच नाइस्मिथ.

ही नोंद तिकडे बहुतेकदा गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती गंमत वाटत नाही. खेळ कशासाठी खेळायचा याबद्दल नाइस्मिथ यांचं म्हणणं पक्कं होतं, आणि त्यात जिंकण्याला फार वरचं स्थान नव्हतं. पुढे त्यांच्याच विद्यापीठाने जिंकण्याची मोठी परंपरा उभी केली. कॅन्ससचा इतिहास या दोन टोकांमध्ये घडला आहे.

नाइस्मिथ मूळचे कॅनडाचे. जन्म १८६१ चा, ऑन्टारियो प्रांतात. नऊ वर्षांचे असताना आईवडील दोघेही गेले. मॅकगिल विद्यापीठात शिकून ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत आले. १८९१ च्या हिवाळ्यात शाळेच्या शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी त्यांना कामगिरी दिली: बर्फामुळे आत कोंडलेल्या, कवायतीला कंटाळलेल्या पोरांसाठी चौदा दिवसांत चार भिंतींच्या आतला एखादा खेळ काढा. नाइस्मिथ यांनी विचार केला की अंगाला अंग भिडतं ते चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवताना. मग चेंडू घेऊन पळायचंच नाही. आणि लक्ष्य डोक्याच्या वर, आडवं ठेवलं तर चेंडू जोरात मारून उपयोग नाही, तो अलगद टाकावा लागेल. शाळेच्या शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या, त्या दहा फुटांवरच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. एका बाजूला नऊ भिडू, फुटबॉलचा चेंडू, आणि सूचना फलकावर टाइप करून लावलेले तेरा नियम. पहिला सामना १-० असा सुटला. टोपलीला तळ होता, त्यामुळे आत गेलेला चेंडू वर चढून काढावा लागे.

वायएमसीएच्या जाळ्यातून हा खेळ पाहता पाहता जगभर गेला. त्याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. मुंबईत नागपाड्याच्या पोरांनी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जोपासला, तोही याच वाटेने आलेला.

नाइस्मिथ मात्र पुढे डॉक्टर झाले आणि १८९८ मध्ये कॅन्ससच्या लॉरेन्स गावी रुजू झाले. त्यांची नेमणूक प्रार्थनामंदिराचे प्रमुख आणि शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक म्हणून होती. बास्केटबॉल हे वरचं काम. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी विद्यापीठाचा पहिला सामना झाला. प्रतिस्पर्धी होता कॅन्सस सिटीच्या वायएमसीएचा संघ, आणि निकाल ५-१६, म्हणजे हार. स्नो हॉल नावाच्या इमारतीच्या तळघरात, बुटक्या छताखाली सराव चाले. कधी कधी नाइस्मिथ स्वतःच पंच म्हणून उभे राहत. त्यांना आपल्या विद्यार्थ्याचं शरीर आणि चारित्र्य घडायला हवं होतं. हार झाली म्हणून झोप उडावी असा हा माणूस नव्हता.

त्यांच्या हाताखाली खेळलेला एक तरुण होता फॉरेस्ट अ‍ॅलन. बेसबॉलची पंचगिरी करताना याचा आवाज धुक्यातल्या जहाजाच्या भोंग्यासारखा घुमे, म्हणून त्याला ‘फॉग’ हे नाव पडलं. दुसऱ्या एका महाविद्यालयाने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा नाइस्मिथ यांना आश्चर्य वाटलं होतं. बास्केटबॉल खेळायचा असतो, तो शिकवायचा कसला, असं त्यांनी अ‍ॅलनला बोलून दाखवलं. मूळच्या तेरा नियमांत पंच आहेत, कर्णधार आहेत, पण प्रशिक्षक हा शब्दही नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

अ‍ॅलन यांनी गुरूचं ऐकलं नाही. १९०७ ते १९०९ आणि मग १९१९ ते १९५६, असे एकूण ३९ हंगाम त्यांनी कॅन्ससच्या संघाची धुरा वाहिली आणि ५९० सामने जिंकले. ऑस्टिओपॅथीचं शिक्षण घेतलेले असल्यामुळे खेळाडूंचे गुडघे, पाठी, घोटे स्वतःच्या हातांनी चोळून ते ठीक करत. १९२७ मध्ये नियम समितीने ड्रिबलिंग एका टप्प्यापुरतं मर्यादित करायचं ठरवलं, तेव्हा अ‍ॅलन यांनी देशभरच्या प्रशिक्षकांना एकत्र आणून तो बेत हाणून पाडला. त्यातूनच प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना जन्माला आली आणि तिचे पहिले अध्यक्ष अर्थातच अ‍ॅलन. ‘बास्केटबॉलचा प्रशिक्षक’ हा व्यवसाय म्हणून उभा राहिला तो या माणसामुळे.

गुरूबद्दल त्यांना किती प्रेम होतं, ते १९३६ मध्ये दिसलं. बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून अ‍ॅलन यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. बर्लिनमध्ये तो आला, तेव्हा प्रशिक्षकांच्या संघटनेने पैसे गोळा करून पंचाहत्तरीला टेकलेल्या नाइस्मिथ यांना जर्मनीला पाठवलं. पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांनी उडवला. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानात, धो धो पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डी आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. दोन वेगळ्या मातींतले खेळ एकाच गावी पोहोचले होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं.

आता या इतिहासाचा जो भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, त्याकडे येतो. लॉरेन्स हे गाव १८५४ मध्ये वसवलं ते गुलामगिरीविरुद्ध लढायला आलेल्या लोकांनी. १८६३ मध्ये गुलामगिरीच्या बाजूच्या टोळीने ते जाळलं, दीडशेच्या वर माणसं मारली. विद्यापीठाचे खेळाडू ज्या ‘जेहॉक’ नावाने ओळखले जातात, ते नावही त्याच संघर्षातलं. आणि अशा गावातल्या विद्यापीठाच्या संघात १९३०च्या दशकात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला जागा नव्हती.

जॉन मॅक्लेंडन १९३३ मध्ये इथे शारीरिक शिक्षण शिकायला आले. नाइस्मिथ यांचा हा लाडका विद्यार्थी. संघात खेळायची परवानगी मात्र नाही. अभ्यासक्रमासाठी पोहणं आवश्यक होतं. मॅक्लेंडन तलावात उतरले, तर नंतर तलावातलं पाणी काढून टाकण्यात आलं. त्यांनी माघार घेतली नाही, आणि अखेर तो तलाव सर्वांना खुला झाला. नाइस्मिथ यांच्या मागे मागे राहून, प्रश्न विचारून विचारून त्यांनी हा खेळ आत्मसात केला. चेंडू जिथे असेल तिथेच, अगदी संपूर्ण मैदानभर, प्रतिस्पर्ध्यावर दडपण आणायचं आणि चेंडू मिळताच सुसाट हल्ला चढवायचा, ही त्यांची पद्धत. पुढे तिने सगळ्या खेळाचा वेग बदलला.

१२ मार्च १९४४, रविवार सकाळ. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहम गावात बहुतेक लोक चर्चमध्ये होते. मॅक्लेंडन तेव्हा प्रशिक्षक असलेल्या, कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाची व्यायामशाळा आतून बंद केली होती. बाहेरचा कुणी येऊ नये, काही छापून येऊ नये, असं ठरलेलं. ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोरा संघ आडवाटेने गाडीतून आला. तिथल्या विभक्ततेच्या कायद्यांनुसार असा सामना गुन्हा होता. सुरुवातीला दोन्हीकडचे हात थरथरत होते, चेंडू सुटत होते. मग मॅक्लेंडन यांच्या मुलांनी वेग पकडला आणि सामना ८८-४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्ही संघांतले खेळाडू आपापसात मिसळले आणि सरमिसळ संघ करून आणखी एक डाव खेळले. ही हकिगत पन्नासेक वर्षं बाहेर आली नाही.

मॅक्लेंडन यांनी १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षं टेनेसीतल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाला छोट्या महाविद्यालयांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव लागलं २०१६ मध्ये, तेव्हा ते हयात नव्हते. कॅन्ससच्या संघाचा शर्ट त्यांनी एकदाही अंगात घातला नाही. तरी नाइस्मिथ यांचा खरा वारस कोण असं विचारलं, तर मी मॅक्लेंडन यांचंच नाव घेईन.

अ‍ॅलन यांच्या तालमीतून आलेल्या दोन राखीव खेळाडूंची तुलना इथे करावीशी वाटते. अ‍ॅडॉल्फ रप १९२० च्या सुमारास कॅन्ससकडून खेळले आणि केंटकीत जाऊन ८७६ सामने जिंकले, चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९६६ चा अंतिम सामना त्यांचा पूर्ण गोरा संघ टेक्सस वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंपुढे ७२-६५ असा हरला. डीन स्मिथ कॅन्ससच्या १९५२ च्या विजेत्या संघात बाकावर होते. त्यांनी नॉर्थ कॅरोलिनात १९६६ मध्येच चार्ली स्कॉट या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन आणलं. १९९७ मध्ये रप यांचा विजयांचा विक्रम मोडला तो या स्मिथ यांनीच. एकाच घराण्यात शिकलेले दोघे, पण माणूस म्हणून ते काय शिकले यात जमीन-अस्मानाचा फरक.

१९५२ चं विजेतेपद हे कॅन्ससचं राष्ट्रीय स्पर्धेतलं पहिलं. क्लाइड लव्हलेटने अंतिम सामन्यात ३३ गुण केले. त्याच वर्षी हेलसिंकीला सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात कॅन्ससचे सात खेळाडू होते. संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लाव्हॅनेस स्क्वायर्स, त्याच हंगामात दिसला.

आणि १९५५ मध्ये फिलाडेल्फियाहून आला विल्ट चेंबरलेन. सात फूट एक इंच उंची. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे, आणि पुढच्याच वर्षी सत्तरीच्या नियमामुळे अ‍ॅलन यांना निवृत्त व्हावं लागलं. ज्याला मिनतवारी करून आणलं, त्याला घडवायची संधी काही मिळाली नाही. विल्टने पहिल्याच सामन्यात ५२ गुण आणि ३१ रिबाउंड नोंदवले. गावातल्या गोऱ्यांच्या उपाहारगृहांत तो सरळ जाऊन बसे, आणि त्याला उठवायची कुणाची छाती नसे. डॅलसला गेल्यावर मात्र सगळ्या संघाला शहराबाहेर मुक्काम करावा लागला आणि मैदानात शिव्याशाप ऐकावे लागले.

२३ मार्च १९५७ चा अंतिम सामना कॅन्सस सिटीत झाला, समोर नॉर्थ कॅरोलिना. त्यांनी सुरुवातीला पंचाने उडवलेल्या चेंडूसाठी विल्टसमोर आपला पाच फूट अकरा इंचांचा टॉमी कर्न्स उभा केला. विल्टच्या मनाचा तोल ढळावा हाच त्यातला डाव. नियमित वेळेत ४६-४६. पहिल्या जादा वेळेत ४८-४८. दुसरीत कुणालाच गुण नाही. तिसरीत सहा सेकंद उरले असताना जो क्विगने दोन फ्री थ्रो टाकले आणि ५४-५३ असा सामना गेला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हरलेला विल्टच ठरला. आणखी एक हंगाम खेळून तो निघून गेला आणि त्यानंतर चार दशकं लॉरेन्सपासून लांब राहिला. जानेवारी १९९८ मध्ये विद्यापीठाने त्याचा १३ क्रमांकाचा शर्ट छताला टांगला, तेव्हा तो आपलं जुनं महाविद्यालयीन जाकीट घालून आला. पुढच्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला.

नंतरचा इतिहास विजयांचा आहे, तो थोडक्यात आटोपतो. १९८८ मध्ये अकरा सामने हरलेल्या संघाला डॅनी मॅनिंगने अंतिम सामन्यात ३१ गुण आणि १८ रिबाउंड घेऊन जिंकवलं. २००८ मध्ये मारिओ चाल्मर्सने शेवटचे दोन सेकंद उरले असताना तीन गुणांचा फटका टाकून हरता सामना बरोबरीत आणला, आणि जादा वेळेत मेम्फिस हरलं. २०२२ मध्ये प्रशिक्षक बिल सेल्फ यांचा संघ मध्यंतराला १५ गुणांनी मागे होता. तो नॉर्थ कॅरोलिनावर ७२-६९ असा जिंकला. १९५७ नंतर ६५ वर्षांनी त्याच प्रतिस्पर्ध्याशी विजेतेपदाचा हिशेब चुकता झाला.

या वैभवाची दुसरी बाजू झाकता येणार नाही. खेळाडू आणण्यात बुटांच्या कंपनीचा पैसा फिरल्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये निकाल लागला आणि २०१८ च्या हंगामातले १५ विजय आणि त्या वर्षीची उपांत्य फेरी नोंदीतून खोडली गेली. ज्या विद्यापीठात नाइस्मिथ यांनी चाळीस वर्षं काढली, तिथे हे घडावं याचं मला वाईट वाटतं.

मूळचे तेरा नियम २०१० मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाले. लॉरेन्समध्येच वाढलेले माजी विद्यार्थी डेव्हिड बूथ यांनी ४३ लाख डॉलर मोजून ते घेतले. आता ते १९५५ च्या अ‍ॅलन फील्डहाउस या संघाच्या क्रीडागृहाला जोडलेल्या इमारतीत, सगळ्यांना पाहता येतील असे ठेवले आहेत. फील्डहाउसच्या समोरच्या रस्त्याचं नाव नाइस्मिथ ड्राइव्ह. पंधरा हजारांवर माणूस मावतो, पण पुढच्या रांगांसाठी विद्यार्थी गट करून कित्येक दिवस मुक्काम ठोकतात. हजेरी पुकारली की गटातला कुणी ना कुणी हजर हवाच. पाहुण्या संघाची नावं जाहीर होतात तेव्हा ही सगळी पोरं विद्यापीठाचं वर्तमानपत्र तोंडापुढे उघडून वाचत बसतात, आणि आपल्या संघाचं नाव आलं की त्याच वर्तमानपत्राच्या चिंध्या करून हवेत उधळतात.