एक्सएमएलची मोठी फाईल वाचताना: शेवटचा डबा आला का?

आजचा विषय तसा लहान आहे. डेस्कटॉप ॲप्लिकेशनमध्ये एक्सएमएलची मोठी फाईल स्ट्रीम रीडरने कशी वाचायची, एवढाच. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल.

शुद्धलेखन तपासणारा एक छोटा प्रोग्राम मी क्यूटीमध्ये लिहीत होतो. त्यासाठी मराठी शब्दांची यादी हवी होती. मराठी विकिपीडियाचा मजकूर एक्सएमएल फाईलच्या रूपात कोणालाही उतरवून घेता येतो. त्याला डंप म्हणतात. मी तो घेतला, शब्द मोजले, यादी केली आणि प्रोग्राम मित्रमंडळींना दिला. काही दिवसांनी मुद्रितशोधन करणाऱ्या एका मैत्रिणीचा फोन आला: "अरे, हा चांगल्या शब्दांखालीही लाल रेघा मारतोय." शोधाशोध केली. डंप उलगडताना माझी डिस्क भरली होती आणि फाईल मध्येच तुटली होती. माझ्या प्रोग्रामने होती तेवढी फाईल वाचली आणि ऐटीत सांगितलं, 'काम पूर्ण'.

हे कसं झालं, ते समजून घेऊ.

एक्सएमएल 1.0 ची शिफारस डब्ल्यू-थ्री-सीने फेब्रुवारी 1998 मध्ये प्रसिद्ध केली. ते वाचायच्या रूढ पद्धतींपैकी एक म्हणजे डॉम. यात पूर्ण फाईल वाचून तिचं एक झाड मेमरीत उभं केलं जातं. प्रत्येक एलिमेंट, प्रत्येक ॲट्रिब्यूट ही एकेक स्वतंत्र वस्तू. फाईल छोटी असेल तर ही फार सोयीची पद्धत आहे. पण फाईल शेकडो मेगाबाइटची असेल तर झाड त्याच्या कितीतरी पट जागा खातं, आणि मशीन गुदमरतं.

दुसरी पद्धत स्ट्रीम रीडरची. रेल्वे फाटकाशी उभं राहून मालगाडी बघतो ना, तसं हे आहे. एक डबा समोर येतो, आपण तो बघतो, तो निघून जातो. अख्खी गाडी आपल्या अंगणात उभी करावी लागत नाही. सॅक्स नावाच्या पद्धतीतही गाडी अशीच जाते, पण तिथे गाडी आपल्या वेगाने धावते आणि प्रत्येक डब्यामागे तुम्हाला हाक मारते. स्ट्रीम रीडरमध्ये दोरी तुमच्या हातात असते. तुम्ही म्हणालात 'पुढचा', की एक डबा पुढे सरकतो. क्यूटीमध्ये हा क्लास 4.3 या आवृत्तीपासून, म्हणजे 2007 पासून आहे. डॉटनेटमधला एक्सएमएल रीडर, जावातला स्टॅक्स, हेही याच जातीचे.

आता याची दुसरी बाजू. गेलेला डबा गेला. रीडर तो लक्षात ठेवत नाही. लक्षात ठेवायचं काम तुमचं. डंपमध्ये याचं छान उदाहरण मिळतं. प्रत्येक 'पेज'मध्ये 'टायटल', 'एनएस', 'आयडी' आणि 'रिव्हिजन' असतात. रिव्हिजनलाही स्वतःचा 'आयडी' असतो. त्याच्या आत 'कॉन्ट्रिब्यूटर' असतो, आणि नोंदणीकृत सदस्य असेल तर त्यालाही 'आयडी'. म्हणजे एकाच पानात एकाच नावाच्या तीन गोष्टी! 'आयडी दिसला की पानाचा क्रमांक म्हणून ठेव' असं लिहिलंत, तर पानाच्या क्रमांकाच्या जागी शेवटी सदस्याचा क्रमांक येऊन बसतो. कुठेही एरर येत नाही. माहिती मात्र चुकीची.

यावर उपाय असा की एका एलिमेंटसाठी एक फंक्शन लिहायचं. पेज वाचणारं फंक्शन वेगळं, रिव्हिजन वाचणारं वेगळं. क्यूटीत 'रीडनेक्स्टस्टार्टएलिमेंट' हे फंक्शन आहे. ते सध्याच्या एलिमेंटच्या आतला पुढचा एलिमेंट देतं, आणि आत काही उरलं नसेल तर 'नाही' म्हणतं. जो एलिमेंट नको असेल तो 'स्किपकरंटएलिमेंट'ने ओलांडायचा. डंपमध्ये 'एनएस' रिव्हिजनच्या आधी येतो. तो शून्य असेल तर लेख, नसेल तर चर्चापान, सदस्यपान वगैरे. मला फक्त लेख हवे होते, म्हणून शून्य नसेल तिथे अख्खी रिव्हिजन ओलांडायची. मेमरीत एका वेळी एकाच लेखाचा मजकूर आणि शब्दांची मोजदाद, बस.

डेस्कटॉपवर आणखी एक पथ्य पाळायचं. हे वाचन मुख्य थ्रेडवर करू नका. खिडकी गोठते, माणूस चार वेळा क्लिक करतो आणि मग प्रोग्राम बंद करून टाकतो. वाचन वेगळ्या थ्रेडवर करा, आणि फाईलमध्ये किती बाइट पुढे आलो त्यावरून प्रगतीची पट्टी हलवा. हा आकडा अंदाजे असतो, कारण रीडर फाईल तुकड्यातुकड्याने उचलतो. पट्टीसाठी तेवढं पुरतं.

आता माझ्या चुकीकडे येतो. माझा लूप असा होता: 'ॲटएंड' खरं होईपर्यंत वाचत राहा, मग यादी साठवा. वाचायला अगदी सरळ वाटतं. पण 'ॲटएंड' दोन कारणांनी खरं होतं: दस्तऐवज संपला म्हणून, किंवा एरर येऊन वाचन थांबलं म्हणून. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

आपल्याकडे रेल्वेत शेवटच्या डब्यामागे मोठी फुली किंवा 'एलव्ही'ची पाटी असते. गाडी स्टेशनातून गेली की कर्मचारी ती खूण बघतात. ती दिसली नाही, तर मागे डबे सुटले असण्याची शक्यता असते. मग त्या मार्गावर दुसरी गाडी सोडत नाहीत. आपल्या फाईलची ती पाटी म्हणजे मुळातल्या 'मीडियाविकी' एलिमेंटचा शेवटचा टॅग. तो न येताच फाईल संपली, तर रीडर 'दस्तऐवज अवेळी संपला' अशी एरर नोंदवून ठेवतो. पण तो ओरडत नाही. 'हॅजएरर' विचारावं लागतं. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून लूपनंतर दरवेळी एरर तपासा. ती असेल तर ओळ क्रमांकासकट माणसाला दाखवा. आणि यादी 'क्यूसेव्हफाईल'ने लिहा: तुम्ही 'कमिट' म्हणेपर्यंत जुन्या फाईलला धक्का लागत नाही. एरर आली किंवा माणसाने 'रद्द करा' दाबलं, तर कमिट करायचं नाही.

इथे एका श्रोत्याने विचारलं, मग डॉम वापरूच नये का? वापरा की! सेटिंगची दोन-चार पानी फाईल असेल, मागे-पुढे जायचं असेल, काही बदलून परत लिहायचं असेल, तर डॉमच बरा. फाईल मोठी आणि काम एकदाच वाचायचं असेल, तर स्ट्रीम रीडर.

घरी गेल्यावर एक प्रयोग करा. तुमची एखादी एक्सएमएल फाईल घ्या, तिची प्रत काढा, प्रतीच्या शेवटच्या दहा ओळी उडवा आणि ती तुमच्या प्रोग्रामला द्या. तो 'काम पूर्ण' म्हणाला, तर त्याच्याकडे पाटी बघणारा माणूस नाही असं समजा. माझ्याकडेही नव्हता, लाल रेघा बघून मैत्रिणीला फोन करावा लागला.